उघडा डावा तळवा: सोलापुरातल्या एका घरातले शेवटचे 19 दिवस

या नोंदीतली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून वय, गल्ली आणि नात्यातले काही तपशील बदलले आहेत. थोरल्या मुलानं मजकूर वाचून होकार दिला. धाकट्यानं वाचायला नकार दिला, पण लिहू नका असंही म्हणाला नाही.

मी घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या एका छोट्या पथकात परिचारिका आहे. बरे न होणारे रुग्ण, बहुतेक कर्करोगाचे. दुखणं कमी करणं, जखम धुणं, नळी बदलणं हे माझं काम. ‘आध्यात्मिक आधार’ नावाचा एक रकाना आमच्या कागदावर होता आणि तो मी इतकी वर्षं दोन मिनिटांत भरत होते. या प्रकरणात तोच रकाना चुकला.

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागातली दोन खोल्यांची जागा. बाहेरच्या खोलीत आजोबा, आतल्या खोलीत भाड्यानं आणलेल्या लोखंडी पलंगावर आजी. आजींचं वय 62. जन्मभर विड्या वळल्या. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं आणि तंबाखू, संध्याकाळी मोजून द्यायच्या. सोबतीला लहानपणापासूनची मशेरी. गालाच्या आतला कर्करोग, एक शस्त्रक्रिया, किरणोपचार, आणि वर्षभरात तो मानेत परत आलेला. डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलं होतं. नाकातून नळी, त्यातूनच दूध, पेज आणि औषध. बोलणं होतं, पण तोंडात गोटी धरून बोलावं तसं.

आजोबा यंत्रमागावर चादरी विणून थकलेले. घरात तेलुगू, बाहेर मराठी. दोन मुलगे, दोन सुना, तीन नातवंडं. भिंतीवर मार्कंडेयाची तसबीर. आडनाव ऐकल्यावर सोलापुरात कुणीही सांगेल की हे पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातले. मीही तसंच लिहिलं. धर्म: हिंदू. समाज: पद्मशाली. भाषा: तेलुगू, मराठी. श्रद्धा: ‘घरात पूजाअर्चा आहे’. ही माहिती मला थोरल्या सुनेनं दिली. आजी तीन हातांवर पडून होत्या, जाग्या होत्या, आणि मी त्यांना काहीच विचारलं नाही.

मी बार्शीकडची. घरी-दारी मराठीच. सोलापूरला आल्यावर तेलुगू थोडंफार कळायला लागलं, कन्नड अजिबात नाही. पुढं काय झालं ते समजायला हा तपशील लागेल.

अडचण

पहिल्या आठवड्यात दुखण्यावर लक्ष होतं. मॉर्फिनची गोळी बारीक करून दर चार तासांनी नळीतून, रात्रीचा डोस चुकू नये म्हणून धाकट्याच्या मोबाइलमध्ये गजर, आणि बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून जुलाबाचं औषध. दहापैकी आठवर असलेलं दुखणं पाचव्या दिवशी तीनवर आलं. सगळ्यांना हायसं वाटलं.

त्याआधी चौथ्या दिवशी मी एक ‘चांगलं काम’ केलं होतं. गल्लीत बायकांचं तेलुगू भजनी मंडळ आहे, त्यांना बोलावलं. सहा-सात बायका, टाळ, कुंकवाची करंडी. खोली भरून गेली. आजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि दोन-तीनदा काहीतरी म्हणाल्या. मला ‘बेड, बेड’ असं ऐकू आलं. म्हणून मी पलंगाची डोक्याकडची बाजू फिरवून वर केली. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी कागदावर लिहिलं: भजनानंतर शांत.

पुढं आठव्या-नवव्या दिवशी तळमळ सुरू झाली. दुखतंय का म्हटलं की मान हलवून नाही म्हणायच्या, पण रात्रभर डोळा लागायचा नाही. डावा हात छातीवर, तळवा वर उघडा, बोटं किंचित वळलेली, जणू तळहातावर काही ठेवलंय आणि ते सांडू नये. हात सरळ करून बाजूला ठेवला तरी दोन मिनिटांत परत छातीवर. आजोबा म्हणाले, “सिस्टर, हिला कायतरी पायजे हाय. काय ते कळंना.”

पथकातल्या नव्या मुलीला वाटलं की आजी झोपेत विड्या वळतायत. आयुष्यभराचं काम गुंगीत हातातून उतरतं, हे आम्ही खरंच पाहिलंय. शिंपी हवेत सुई ओवतो, चालक पायानं ब्रेक दाबतो. पण विडी वळायला दोन्ही हात लागतात. इथं उजवा हात निपचित होता, आणि डावा वळत नव्हता, नुसता धरून होता. हा फरक मला दिसला होता. त्याचा अर्थ काढायचं मात्र सुचलं नाही.

समोर असलेले पर्याय

दहाव्या दिवशी डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. शेवटच्या आठवड्यांतली तळमळ ही ओळखीची गोष्ट आहे आणि तिची साधी कारणं आधी पाहायची असतात. लघवी तुंबली आहे का, पोट साफ आहे का, ताप, औषधाचा परिणाम, न सांगितलेलं दुखणं. सगळं पाहिलं. काही सापडलं नाही.

मग पहिला पर्याय आला, झोपेचं औषध वाढवायचा. डॉक्टरांचा आग्रह नव्हता, पण दार उघडं होतं. घरच्यांनाही तेच हवं होतं. थोरला दोन रात्री जागा होता आणि सकाळी कारखान्यात उभा राहायचा. यात चुकीचं काही नाही. शेवटच्या तासांत मी स्वतः हे औषध दिलं आहे. प्रश्न एवढाच होता की गुंगी आली की तिला काय हवं होतं ते विचारायची संधीही गेली.

दुसरा पर्याय, भजन पुन्हा लावायचं. हा मीच सुचवला होता, आता लिहिताना लाज वाटते.

तिसरा पर्याय नव्हताच खरं तर, तो योगायोगानं आला. अकराव्या दिवशी माझ्याबरोबर आमच्या पथकातल्या दुसऱ्या मावशी आल्या, अक्कलकोट तालुक्यातल्या, घरची भाषा कन्नड. मी ड्रेसिंग बदलत होते. आजी पुन्हा तेच पुटपुटल्या आणि मी सवयीनं पलंगाच्या दांड्याला हात घातला. मावशी म्हणाल्या, “अहो, त्या पलंगाचं नाही म्हणत. ‘ब्याड’ म्हणतायत. नको म्हणतायत.”

हात दांड्यावरच राहिला. चौथ्या दिवशी त्या भजनाला नको म्हणाल्या होत्या, आणि मी त्यांना उचलून नीट ऐकू येईल असं बसवलं होतं.

मावशींनी त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि दारातून बाहेर आल्या. आजोबांना मराठीतच विचारलं, “काकींचं माहेर लिंगायताचं का हो?” आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “चाळीस वर्सं झाली त्याला.”

काय दडलं होतं

आजी अक्कलकोटकडच्या एका लिंगायत घरातल्या. लग्न स्वतःच्या मनानं, जातीबाहेर. घरातून निघाल्या त्या दिवशी वडलांनी गळ्यातलं लिंग काढून ठेवायला लावलं.

हे किती मोठं आहे ते मला मावशींनी परतीच्या रिक्षात समजावलं. लिंगायतांत मूल जन्मलं की थोड्याच दिवसांत जंगम, म्हणजे त्यांचा पुरोहित, येऊन त्याला इष्टलिंग, म्हणजे अंगावर बाळगायचं छोटं लिंग, बांधतो. ते मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. रोजची पूजा देवळात जाऊन नाही, तर ते लिंग डाव्या तळहातावर घेऊन, त्याच्याकडे नजर लावून. आणि माणूस गेला की त्याला ‘लिंगैक्य’ झालं म्हणतात. बसवून पुरतात, तेच लिंग त्याच डाव्या हातात देऊन. सोलापूर हे सिद्धरामेश्वरांचं गाव, बाराव्या शतकातले शरण, म्हणजे शिवभक्त संत, त्यांनी शहराभोवती स्थापलेल्या 68 लिंगांना संक्रांतीच्या यात्रेत आजही नंदीध्वज फिरून येतात. मी ती मिरवणूक दरवर्षी रस्त्याच्या कडेला उभी राहून पाहते. तळहातावरच्या लिंगाबद्दल मला काही ठाऊक नव्हतं.

लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस हे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचं शुश्रूषागृह सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी ‘संपूर्ण वेदना’ ही कल्पना मांडली: शरीराचं, मनाचं, घरादाराचं आणि आत्म्याचं दुखणं एकमेकांत गुंतलेलं असतं. आम्हाला प्रशिक्षणात हे पाठ असतं. दहापैकी तीनवर आलेलं दुखणं आणि उघडा तळवा एकाच अंगात असू शकतात, हे मात्र मला त्या रिक्षात कळलं.

निर्णयाची पहिली जागा: आधी कोणाला विचारायचं

मावशींचं म्हणणं, आजोबांना सांगा, ते मुलांना सांगतील. माझं म्हणणं, आधी आजींना. आम्ही सगळ्यांनी मिळून हाताचा एक अर्थ लावला होता. भजनाच्या वेळीही मी अर्थच लावला होता.

बाराव्या दिवशी आम्ही अशी वेळ धरली की मुलगे कामावर आणि सुना नळावर. बोलणं अस्पष्ट, म्हणून आधी खात्री केली की हो-नाही नीट कळतंय. हो असेल तर माझं बोट दाबा. हे तुमचं घर आहे का? दाबलं. मी तुमची मुलगी आहे का? नाही दाबलं, आणि ओठाच्या कडेला हसू आल्यासारखं वाटलं. मग मावशी कानाशी वाकून म्हणाल्या, “लिंग बेकेनु, अक्का?”

बोट दाबायची वाट पाहावी लागली नाही. “बेकु,” त्या म्हणाल्या. हवंय. इतक्या दिवसांत मला स्पष्ट कळलेला त्यांचा हा पहिला शब्द.

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, वेगळ्या वेळी. उत्तर तेच. दोनदा विचारण्याचा आग्रह माझा होता आणि तो मी पुन्हाही धरेन. गुंगीतल्या माणसाच्या एका ‘हो’वर घर हलवायचं नसतं.

निर्णयाची दुसरी जागा: घर

आजोबा लगेच तयार झाले. म्हणाले, “माज्यामुळं तिचा देव सुटला. आता तरी देऊ.” थोरल्याला आईची ही बाजू जुजबी माहीत होती. धाकट्याला अजिबात नाही, आणि तो चिडला. त्याचा राग धर्मावर नव्हता असं मला आता वाटतं. आईनं आपल्याला काही सांगितलं नाही आणि बाहेरच्या बायकांना सांगितलं, याचा होता. “आमच्या आईला तुम्ही परकी केली,” हे त्याचं वाक्य. मी त्याला समजावायला गेले, ही चूक. तेव्हा नुसतं ऐकायला हवं होतं.

लिंग आणायचं कुठून? एक रस्ता, जंगमाकडून नव्यानं दीक्षा. दुसरा, माहेरी जे काढून ठेवलं होतं तेच मिळतंय का पाहणं. आजोबांनी दुसरा निवडला. मेहुण्याशी चाळीस वर्षांत दोनदा बोलणं झालेलं, तेही मयतीत. फोन आजोबांनीच करावा, असं मी सुचवलं. पथकानं केला असता तर तो दवाखान्याचा निरोप झाला असता.

पंधराव्या दिवशी भाऊ आला. वय सत्तरीचं, पांढरं धोतर, हातात कापडी पिशवी. चांदीची छोटी डबी देव्हाऱ्यात तशीच होती, वडील गेल्यावरही कुणी हलवली नव्हती. एका जंगम स्वामींनी ‘बाहेर लग्न झालेल्या बाईला’ म्हणून यायला नकार दिला होता. दुसरे, वयानं थकलेले, रिक्षानं आले आणि काही विचारलं नाही.

त्यांनी कपाळाला विभूती लावली. डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं आणि आजींची बोटं स्वतःच्या हातानं मिटवली. मग नुसते बसले, ओम नमः शिवाय म्हणत, फार मोठ्यानं नाही. मी दाराशी होते. नाडी मोजायचं राहूनच गेलं.

एक वैद्यकीय पेच तिथंच उभा राहिला. स्वामींना तीर्थ द्यायचं होतं आणि धाकट्या सुनेनं गंगाजल आणि तुळशीचं पान काढून ठेवलं होतं. आजींना गिळता येत नव्हतं. चमचाभर पाणी श्वासनलिकेत गेलं तर ठसक्यानं जीव जायचा. पूर्वी मी अशा वेळी ‘नको’ म्हणून मोकळी व्हायचे. आता कापसाचा बोळा भिजवून ओठांच्या आतल्या कडेला लावला. आधी तीर्थ, मग गंगाजल. दोघांचंही समाधान झालं आणि ओठ ओले राहिले, जे तसंही दर दोन तासांनी करायचंच असतं.

त्या रात्री आजी सलग झोपल्या. झोपेचं औषध वाढवावं लागलं नाही. लिंगामुळेच झोप लागली असं मी लिहिणार नाही. भाऊ आला, चाळीस वर्षांचा अबोला मोडला, याचंही असेल. हात मात्र तेव्हापासून मिटलेला राहिला.

निर्णयाची तिसरी जागा: माती की आग

सोळाव्या दिवशी भावानं दबक्या आवाजात विषय काढला की पुरणार ना? मुलांच्या डोक्यात दहनाखेरीज काही नव्हतं. आम्ही आजींना विचारलं, तीन वेळा. एकदा बोट दाबलं, एकदा नाही, एकदा झोपेत होत्या. लिंगाच्या वेळी उत्तर दोन्ही वेळा एकच होतं. इथं उत्तर नव्हतं. मी दोन्ही बाजूंना तेच सांगितलं, की याबाबत आम्हाला त्यांचं मन कळलेलं नाही, आम्ही कुणाच्याही बाजूनं साक्ष देणार नाही.

हे आठवडाभर आधी विचारलं असतं तर त्या सांगू शकल्या असत्या. पहिल्या दिवशी तर नक्कीच.

एकोणिसाव्या दिवशी पहाटे श्वासाची लय तुटायला लागली. मोठे श्वास, मग लांब खंड. गुडघ्यांवर निळसर डाग. मी घरच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की घशात घरघर होईल, ऐकवणार नाही, पण तिचा त्रास त्यांना नसतो. कूस बदलून दिली की घरघर कमी होते, तशी थोरल्यानं बदलून दिली. साडेसहाच्या सुमारास गेल्या. आजोबांनी मिटलेल्या मुठीवर हात ठेवला होता.

दहन ठरलं. लिंग अग्नीत जाऊ नये, असं स्वामींनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी आजोबा आणि भाऊ एका गाडीत बसून हत्तरसंग कुडलला गेले, भीमा आणि सीनेच्या संगमावर, आणि अस्थी नि लिंग दोन्ही एकाच पाण्यात सोडलं. धाकटा गेला नाही. तेराव्याला भाऊ आला नाही. लिंगायतांत मरणाचं सूतक मानत नाहीत, म्हणून आला नाही की दुसऱ्या कशासाठी, ते मी विचारलं नाही.

नंतरचे महिने

मृत्यूनंतर पथकाची भेट एकदा, पंधराव्या दिवशी, असा आमचा शिरस्ता. इथं मी चार वेळा गेले. सहाव्या आठवड्यात थोरली सून म्हणाली, मामंजी रात्री उठून पलंगाच्या जागेवर बसतात, काही गोळी द्या. पलंग भाड्याचा, तो दुसऱ्याच दिवशी परत गेला होता. मी गोळी दिली नाही. आजोबा जेवत होते, दिवसा नातवाला शाळेत सोडत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणातही लांबलेल्या शोकाला आजार म्हणण्याआधी किमान सहा महिने जाऊ द्यायला सांगितलं आहे, आणि त्या त्या समाजाच्या रीतीपेक्षा तो जास्त आहे का, हेही पाहायला सांगितलंय. सुनेला एवढंच म्हटलं की ते उठले की दिवा लावू नका, हवं तर शेजारी जाऊन बसा.

आजोबांचा एकच प्रश्न दर भेटीत असायचा. चाळीस वर्षांत तिनं एकदाही का मागितलं नाही? पहिल्या वेळी मी उत्तर द्यायचा प्रयत्न केला. नंतर नाही केला.

काय वेगळं करता आलं असतं

रुग्णाच्या श्रद्धेबद्दल विचारायची चार प्रश्नांची एक पद्धत आहे. मी तिला फिना म्हणायचे, खरं नाव फायका. अमेरिकेतल्या डॉक्टर क्रिस्टिना पुखाल्स्की यांनी ती रचली. श्रद्धा कशावर, तिचं महत्त्व किती, सोबतीला माणसं कोण, आणि आम्ही काळजी घेताना त्याचं काय करावं. मला नावाचाच घोळ व्हायचा, यावरून ती किती वापरली होती ते कळेल. आता प्रश्न माझ्या भाषेत करून घेतलेत, आणि पहिला असा: “मन घाबरलं की तुम्ही कुणाचं नाव घेता?” हा प्रश्न रुग्णालाच विचारायचा, सुनेला नाही. ‘समाज’ हा रकाना मी खोडला. ‘भाषा’च्या जागी ‘लहानपणी आईशी कुठल्या भाषेत बोलायचात’ असं लिहिलंय, कारण सोलापुरात एका माणसाच्या तीन भाषा असतात आणि शेवटी कुठली उरेल ते आडनावावरून कळत नाही.

भजनी मंडळ बोलावण्याआधी विचारायला हवं होतं. ‘भजनानंतर शांत’ ही नोंद मी अजून फाइलमध्ये तशीच ठेवली आहे, खाली तारीख टाकून दुरुस्ती लिहिली आहे.

धाकट्याला मी आईशी एकांतात बसवायला हवं होतं, लिंग यायच्या आधी, मावशींना दुभाषी म्हणून घेऊन. त्याला आईची भाषा येत नव्हती आणि आई शेवटी त्याच भाषेत होती. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा तेरावा होऊन गेला होता.

पथकातल्या काहींचं म्हणणं आहे की पहिल्या भेटीत हे सगळं विचारायला वीस मिनिटं जास्त लागतात आणि आमच्याकडे दिवसाला सहा घरं असतात. खरं आहे. त्यावर मला अजून तोडगा सापडलेला नाही. सध्या मी पहिल्या दिवशी ड्रेसिंग करताकरताच विचारते. हात कामात असले की माणसं जरा मोकळं बोलतात, आणि मावशींना आठवड्यातून दोन दिवस माझ्याच फेरीवर मागून घेतलं आहे.